नाण्यांची साक्ष : गौतमीपुत्र–क्षहरात युद्ध आणि विदर्भातील सातवाहन निधी

१

प्राचीन युद्धांचा इतिहास लिहिताना नाण्यांची साक्ष विशेष विश्वसनीय मानण्याचा प्रघात आहे. प्रशस्तिकार अतिशयोक्ती करतो, पुराणकार राजांची नावे गाळतो किंवा मागेपुढे करतो; नाणे मात्र ज्या काळी पाडले गेले त्या काळचेच असते आणि त्यावर नंतर कोणी लेखणी चालविलेली नसते. ही समजूत मोठ्या प्रमाणात यथार्थ आहे. परंतु नाणे आपल्या जन्माविषयी जितके निश्चित बोलते, तितके आपल्या पुढील आयुष्याविषयी बोलत नाही. ते कोणाच्या हातून कोठे गेले, किती वर्षे चालले, कोणत्या नाण्यांच्या संगतीत पुरले गेले, हे नाण्यावर कोरलेले नसते. ते सापडण्याच्या ठिकाणीच, आणि बहुधा एकदाच, नोंदविता येते.

हा भेद विदर्भाच्या इतिहासाला विशेष महत्त्वाचा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात नहपानाचा पराभव केला, ही घटना महाराष्ट्राच्या इतिहासातील एक निर्णायक घटना होय. या युद्धात विदर्भाचा वाटा काय होता, गौतमीपुत्राचा मूळ आधार वैनगंगेच्या खोऱ्यात होता की काय, या प्रश्नाची चर्चा दीर्घकाळ चाललेली आहे, आणि तीत नाण्यांचा आधार पुनःपुन्हा घेतला जातो. भद्रावती ज्या जिल्ह्यात आहे, त्याच पूर्वीच्या चांदा जिल्ह्याने सातवाहन नाण्यांच्या एका प्रसिद्ध वर्गाला आपले नाव दिले आहे. प्रस्तुत लेखात जोगळटेंभी, चांदा आणि तऱ्हाळा या तीन निधींचे या दृष्टीने परीक्षण करावयाचे आहे. नाण्यांवरून युद्धाचा इतिहास कोठपर्यंत सिद्ध होतो आणि कोठून पुढे केवळ तर्क सुरू होतो, हे निश्चित करणे हा त्याचा उद्देश होय.

२

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा जो प्रचंड निधी सापडला, त्याचे वर्णन रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात केले. निधीत सुमारे १३,२५० नाणी होती आणि ती सर्व मूळची नहपानाची होती. त्यांच्या पुरोभागी राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरांतील लेख, आणि पृष्ठभागी बाण व वज्र यांसह ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख आहेत. यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता: एका बाजूस तीन कमानींचे चैत्य व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक, कान किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा अद्याप दिसतो.

वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी नाशिकच्या लेण्यात कोरलेल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केल्याचे सांगते. हा प्रशस्तीचा उद्गार असल्यामुळे त्यावर कोणी शंका घेतली असती तर ती अगदीच अनाठायी ठरली नसती. जोगळटेंभीच्या निधीने ती शंका दूर केली. नहपान व गौतमीपुत्र यांच्यामध्ये दीर्घ अंतर होते, असे मत काही विद्वानांनी मांडले होते. परंतु या निधीत नहपानानंतरच्या दुसऱ्या कोणाही क्षत्रपाचे एकही नाणे नाही. त्यामुळे एकाचे चलन दुसऱ्याच्या हाती सरळ गेले, असे मानणेच सयुक्तिक होय.

येथपर्यंत नाण्यांची साक्ष निःसंदिग्ध आहे. यापुढे मात्र सावधगिरी हवी. जेत्याने जिताचे चलन रद्द केले आणि ते गोळा करून आपल्या मुद्रेने अंकित केले, असे विधान पाठ्यपुस्तकांतून आढळते. स्कॉट यांच्या आकड्यांवरून ते तसेच्या तसे सिद्ध होत नाही. निधीतील सुमारे सात दशांश नाणी पुनर्मुद्रित आहेत. उरलेली चार हजारांच्या आसपासची नाणी नहपानाच्याच मूळ स्वरूपात आहेत, आणि दोन्ही प्रकार एकाच निधीत मिसळलेले आहेत. निधी पुरणाराच्या दृष्टीने दोहोंचे मोल सारखेच असले पाहिजे. नाहीतर त्याने ती एकत्र ठेवली नसती. तेव्हा नहपानाचे नाणे पुनर्मुद्रण सुरू झाल्यानंतरही व्यवहारातून बाद झाले नव्हते, किंवा पुनर्मुद्रणाचे काम चालू असतानाच हा निधी भूमिगत झाला, असे दोन पर्याय उरतात. पहिल्यात राजाचे आर्थिक धोरण दिसते. दुसऱ्यात युद्धकाळाची धांदल दिसते. यांपैकी कोणताही पर्याय स्वीकारला तरी ‘रद्द केले’ हा शब्द अधिक ठरतो.

हा निष्कर्ष काढता येतो तो केवळ एका कारणामुळे. निधी संपूर्णपणे मोजला गेला होता. दुहेरी ठशाची नाणी तेवढी निवडून काढली असती आणि साधी नाणी सराफाने आटविली असती, तर आज हजारो पुनर्मुद्रित नाणी असूनही त्यांचे प्रमाण कळले नसते, आणि ‘रद्द केले’ हे विधान निर्विवाद सत्य म्हणून चालत राहिले असते.

३

जिताच्या नाण्यावर जेत्याने किंवा बंडखोराने ठसा मारावा, हा प्रकार केवळ आपल्याकडील नाही. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या बलाढ्य व्यापारी राज्याच्या नाण्यांत याचे अत्यंत उद्बोधक उदाहरण सापडते. कार्थेजने आपली नाणी प्रथम पाडली ती मुख्यतः सिसिलीतील युद्धांसाठी, भाडोत्री सैन्याचा पगार चुकविण्याकरिता. त्या नाण्यांपैकी काहींवर प्यूनिक लिपीत ‘शिबिर’ किंवा ‘शिबिरातील लोक’ या अर्थाचे शब्द आहेत. नगराचे नाव नव्हे, राजाचे नाव नव्हे, तर सैन्याच्या तळाचे नाव नाण्यावर यावे, यातच त्या चलनाचे प्रयोजन स्पष्ट होते.

इ. स. पूर्व २४१ मध्ये रोमशी झालेले पहिले युद्ध संपले, कार्थेजने सिसिली गमावली, आणि थकलेल्या पगारावरून भाडोत्री सैनिकांनी बंड केले. त्यांना लिबियातील प्रजा मिळाली व सुमारे तीन वर्षे हे भीषण युद्ध चालले. या बंडखोरांनी कार्थेजच्याच नाण्यांवर आपले ठसे मारले आणि ग्रीक अक्षरांत ‘लिबियनांचे’ असा लेख घातला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या धातुपरीक्षणात यांपैकी काही नाण्यांत तांब्यात सोमल मिसळून रुपेरी पृष्ठ आणल्याचे दिसून आले. चांदीची टंचाई किती तीव्र होती हे त्यावरून कळते. या बंडाचा वृत्तान्त आज उपलब्ध आहे तो पॉलिबियसच्या ग्रंथात, म्हणजे बंडखोरांविषयी सहानुभूती नसलेल्या ग्रीक इतिहासकाराच्या लेखणीतून. त्यांचा स्वतःचा असा शब्द उरला तो नाण्यावरचा तेवढाच.

या तुलनेपासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, पुनर्मुद्रण हे केवळ विजयाचे चिन्ह नसते. सैन्याला तातडीने द्रव्य पुरविण्याचा तो एक उपाय असतो. धातू वितळवून, शुद्ध करून, नव्या चकत्या तयार करण्यास वेळ लागतो. तयार नाण्यावर ठसा मारण्यास तो लागत नाही. गौतमीपुत्राचा अठराव्या राज्यवर्षाचा नाशिक येथील लेख विजयी सेनेच्या शिबिरातूनच दिलेला आहे, आणि त्यात पूर्वी ऋषभदत्ताकडे, म्हणजे नहपानाच्या जामाताकडे, असलेले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना दिल्याचा उल्लेख आहे. शेत आणि चलन ही दोन्ही एका शिबिराच्या काळात हस्तांतरित होत होती, असे यावरून दिसते. जोगळटेंभीच्या निधीचा अर्थ लावताना या शिबिराचे स्मरण ठेवले, तर वर सांगितलेल्या दोन पर्यायांपैकी दुसरा, म्हणजे युद्धकाळातील धांदलीचा, अधिक संभवनीय वाटू लागतो.

दुसरी गोष्ट संग्रहाविषयीची आहे. कार्थेजची नाणी आज जगभरच्या खाजगी संग्रहांत आहेत. ज्या नाण्यावर दुहेरी ठसा ठळक दिसतो, ते नाणे संग्राहकाला विशेष प्रिय असते, कारण त्यात युद्ध प्रत्यक्ष दिसते. परंतु अशी निवड होते तेव्हा निधी फुटतो. निवडलेले नाणे युद्ध झाले एवढेच सांगते. ते युद्ध किती दूरवर, किती काळ आणि कोणाच्या खिशातून चालले, हे सांगण्याचे सामर्थ्य निवडल्या न गेलेल्या नाण्यांबरोबर नाहीसे होते.

४

आता विदर्भाकडे वळता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदा जिल्ह्यात सातवाहनांच्या १८३ पोटिन नाण्यांचा निधी उजेडात आला आणि हॉर्नले यांनी १८९३ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्याचे विवेचन केले. पोटिन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांची हलकी मिश्रधातू. या नाण्यांच्या एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह असते. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश म्यूझियमच्या नाणेसूचीत रॅप्सन यांनी या प्रकाराचा एक स्वतंत्र वर्ग केला आणि त्याला चांदा जिल्ह्याचेच नाव दिले. पुळुमावी व यज्ञ यांच्याबरोबर रुद्र व कृष्ण ही नावेही त्यांनी या वर्गात वाचली.

रॅप्सन यांची सूची हा सातवाहन नाणकशास्त्राचा पाया आहे आणि शतकाहून अधिक काळ तिचा उपयोग होत आला आहे. तथापि या एका ठिकाणी तिने एक गैरसमज रूढ केला, हे सांगणे प्राप्त आहे. ज्या जिल्ह्यात निधी सापडला त्याचे नाव नाण्यांच्या घडणीला दिल्यामुळे, ही घडण त्या जिल्ह्याचीच, तिची टांकसाळ तेथलीच, आणि ज्यांची नावे या नाण्यांवर आली त्या उत्तरकालीन राजांची सत्ता याच भागापुरती उरलेली, अशी अनुमानांची साखळी सहज तयार झाली. वस्तुतः ‘चांदा जिल्हा’ हा शब्द इंग्रजी अमलातील महसुली विभागाचा आहे. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ साली तो जिल्हा झाला. पुढे त्यात वरोड्यापासून सिरोंचापर्यंतचा विस्तीर्ण मुलूख मोडू लागला, आणि १९८२ साली त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. वर्धा नदीकाठची काळी जमीन, भांदकाच्या आसपासचे प्राचीन अवशेष, वैनगंगेचे खोरे आणि इंद्रावतीलगतचे अरण्य, ही सर्व एका नावाखाली आली. ज्या प्रश्नासाठी नाण्यांकडे जावयाचे, म्हणजे सातवाहनांचे चलन नदीमार्गाने कोठवर पोहोचले होते, त्या प्रश्नाला ‘चांदा जिल्हा’ हे उत्तर होऊ शकत नाही.

हा दोष एकट्या रॅप्सन यांचा नव्हे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील किमतीचा निधी सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक झाले. त्यामुळे पुष्कळ निधी सोनार-कासारांच्या मुशीतून वाचले, हे त्या कायद्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु कायद्याची दृष्टी किमतीवर व मालकीच्या वाट्यावर होती. जमिनीच्या थरावर नव्हती. कचेरीतून नाणी तज्ज्ञाकडे आणि तज्ज्ञाकडून निरनिराळ्या संग्रहालयांकडे वाटली जात. या प्रवासात नाणे सुरक्षित राही, त्याचा पत्ता मात्र पावलोपावली आखूड होत जाई.

५

रॅप्सन यांच्या वर्गनामाला धक्का बसला तो १९३९ साली. त्या वर्षी तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, आणि आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या, मंगरूळ तालुक्यातील तऱ्हाळा या गावी सुमारे १,६०० पोटिन नाण्यांचा निधी सापडला. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९४० साली त्याचे सविस्तर परीक्षण प्रसिद्ध केले. नाणी त्याच घडणीची होती, पण स्थळ चांद्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर पश्चिमेस होते. ‘चांदा घडण’ ही वस्तुतः विदर्भव्यापी घडण होती, हे यावरून सिद्ध झाले. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ व विजय यांच्याबरोबर कुंभ, कर्ण व शक सातकर्णी अशी पुराणांच्या याद्यांत न आढळणारी नावे या निधीतून पुढे आली.

येथेही नाण्यांच्या संख्येचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. या पोटिन नाण्यांची चकती लहान आणि ठसा मोठा असल्यामुळे राजनामाचा थोडाच भाग एकेका नाण्यावर उमटतो. एकावर आरंभीची अक्षरे, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची, असे जुळवून नाव वाचावे लागते. सुटे एक नाणे हाती आले तर ‘सातकर्णी’ एवढेच कळावे आणि कोणता सातकर्णी हे कळू नये, असे पुष्कळदा होते. तऱ्हाळ्याचा निधी शंभर संग्राहकांत विखुरला असता, तर अपरिचित राजांची ही नावे कदाचित कायमची हरवली असती. मिराशी यांचे कार्य या दृष्टीने आदर्श होय.

परंतु याच निधीच्या आधारे युद्धाविषयी जे अनुमान करण्याचा मोह होतो, त्याचे परीक्षण केले पाहिजे. नाशिकच्या उपर्युक्त लेखात गौतमीपुत्राला लावलेल्या ‘बेनाकटकस्वामी’ या पदाचा अर्थ मिराशी यांनी ‘बेनाकटाचा स्वामी’ असा लावला आणि बेनाकट म्हणजे वैनगंगेच्या काठचा प्रदेश असे प्रतिपादिले. शकांनी पश्चिम महाराष्ट्र व्यापल्यावर सातवाहन विदर्भात राहिले व तेथूनच गौतमीपुत्राने प्रत्याक्रमण केले, असे चित्र यातून उभे राहते. वाकाटकांच्या ताम्रपटांत या भागातील प्रदेशनाम म्हणून ‘बेण्णाकट’ येते, हे या मताचे बलस्थान आहे. उलट, लेखात हे नाव गोवर्धनाच्या, म्हणजे नाशिकच्या परिसराच्या, संदर्भात आले असल्यामुळे ते तेथीलच स्थळ असावे, असा दुसरा पक्ष आहे. या वादाचा निर्णय नाण्यांनी करावा, अशी अपेक्षा साहजिकच केली जाते. आणि तऱ्हाळ्याच्या निधीत सर्वांत अधिक नाणी गौतमीपुत्राचीच असल्यामुळे निर्णय मिराशी यांच्या बाजूने लागल्यासारखा वाटतो.

हे अनुमान टिकत नाही. निधीचा काळ त्यातील बहुसंख्य नाण्यांवरून ठरत नसून त्यातील शेवटच्या नाण्यावरून ठरतो. तऱ्हाळ्याच्या निधीत विजयासारख्या अखेरच्या राजांची नाणी आहेत; म्हणजे क्षहरातांच्या पराभवानंतर सुमारे एक शतक लोटल्यावर हा निधी पुरला गेला. तो गौतमीपुत्राच्या मोहिमेच्या काळचे चित्र देत नाही. सातवाहन सत्तेच्या अखेरीस विदर्भातील बाजारात काय चालत होते, ते दाखवितो. गौतमीपुत्राची नाणी विपुल होती आणि ती दीर्घकाळ चालली, एवढेच त्यातून सिद्ध होते. ती युद्धापूर्वी पाडली की विजयानंतर, सैन्याच्या पगारासाठी की बाजारासाठी, याविषयी हा निधी मौन आहे. त्यातच पवनी येथील स्तंभलेखात महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचे नाव आले असल्यामुळे वैनगंगेच्या काठीही क्षत्रपांचा संबंध पोहोचला होता, हे ध्यानात ठेवावे लागते. विदर्भ हा सातवाहनांचा अबाधित आश्रय होता, हे विधान त्यामुळे अधिकच पुराव्याची अपेक्षा करते.

मिराशी यांचे मत चुकीचे आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याचा खरा आधार शिलालेखातील पदाच्या अर्थावर आहे आणि त्याचे बलाबल तेथेच ठरले पाहिजे. नाण्यांचा आधार त्याला मिळावयाचा असेल, तर तो वेगळ्या प्रकारचा लागेल: ज्यात शेवटचे नाणे गौतमीपुत्राचेच आहे असा विदर्भातील निधी, किंवा पवनीसारख्या स्थळाच्या उत्खननात युद्धपूर्व थरात मिळालेले त्याचे नाणे. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९–७० मध्ये पवनी येथे जे उत्खनन केले, त्याचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. कारण तेथे नाणे, मडके आणि थर ही एकमेकांची साक्ष तपासू शकतात.

६

असा निर्णायक निधी सापडेल तेव्हा तो दिसायला क्षुद्रच असेल, हे या ठिकाणी मुद्दाम सांगितले पाहिजे. दहापंधरा काळवंडलेली, अक्षरे झिजलेली पोटिन नाणी एका फुटक्या गाडग्यात मिळावीत, असेच त्याचे स्वरूप असण्याचा संभव आहे. त्यांना सोन्याचा मोह नाही, मोडीत भाव नाही. संग्राहकाच्या दृष्टीनेही त्यांतील एखाददुसरेच ठेवण्याजोगे. म्हणजे ज्या पुराव्याची इतिहासाला सर्वाधिक गरज आहे, तोच सर्वांत सहज नष्ट होणारा आहे.

भद्रावतीच्या परिसरात हे भय विशेष आहे. कनिंगहॅम यांनी १८७३–७४ च्या दौऱ्यात येथील विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आणि तलावावरील दगडी पूल यांची नोंद केली. युआन च्वांगने वर्णिलेल्या कोसल देशाच्या राजधानीच्या शोधातही भांदकाचे नाव विद्वानांनी पुढे केले. लेणी, मंदिरे व पूल यांची दखल अशी वेळोवेळी घेतली गेली. पायाखालच्या मातीची तितकी घेतली गेली नाही. आज याच प्रदेशात कोळशाच्या उघड्या खाणी, रस्ते आणि वस्तीचा विस्तार यांमुळे ती माती मोठ्या प्रमाणावर उलथली जात आहे. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर व व्यापारावर निर्बंध घातले आहेत. पण कायदा वस्तूची राखण करतो, तिच्या जागेच्या नोंदीची राखण तो आपोआप करीत नाही.

खाजगी संग्राहकाविषयी सरसकट प्रतिकूल मत व्यक्त करणे मात्र अन्यायाचे होईल. सातवाहन नाण्यांची पुष्कळ ओळख हौशी संग्राहकांच्या चिकाटीमुळेच झाली आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी आपली नाणी अभ्यासकांना मोकळेपणाने दाखविली आहेत. प्रश्न संग्रहाचा नसून संग्रहाच्या रीतीचा आहे. गावाचे नाव, शेताचा गट क्रमांक, सोबत मिळालेल्या सर्व नाण्यांची संख्या, भांड्याचा प्रकार, आणि टाकून दिलेल्या नाण्यांचीही मोजदाद, इतकी माहिती एका चिठ्ठीवर मावते. ती चिठ्ठी नाण्याबरोबर राहिली तर निधी विभागला गेला तरी कागदावर अखंड राहतो.

७

सारांश, तीन निधींची साक्ष तीन प्रतींची आहे. जोगळटेंभीचा निधी संपूर्ण मोजला गेल्यामुळे नहपानाचे चलन थेट गौतमीपुत्राच्या हाती गेले हे सिद्ध करतो, आणि ते सर्वस्वी रद्द झाले या समजुतीला आवरही घालतो. तऱ्हाळ्याचा निधी साकल्याने वाचला गेल्यामुळे विस्मृत राजे परत मिळवून देतो. परंतु युद्धकाळाविषयी त्याला साक्षीला बोलावणे अयोग्य होय. चांद्याचा निधी पहिला, प्रसिद्ध आणि नाणकशास्त्रातील एका वर्गाला नाव देणारा. पण नेमकी जागा त्याच्या नावात नसल्यामुळे विदर्भाच्या भूगोलाविषयी तो सर्वांत कमी बोलतो.

विदर्भाने क्षहरातांविरुद्धच्या युद्धात कोणता वाटा उचलला, हा प्रश्न त्यामुळे आज खुलाच राहतो. तो खुला आहे हे स्पष्टपणे मान्य करणे, हे ओढूनताणून दिलेल्या उत्तरापेक्षा श्रेयस्कर होय. त्याचे उत्तर वर्धा आणि वैनगंगा या नद्यांमधील मातीत असेल, तर ते नांगराच्या फाळाला किंवा खाणीच्या यंत्राला लागण्यापूर्वी, निदान लागल्याबरोबर, नोंदविले जावे, एवढीच या परीक्षणाची फलश्रुती आहे.